पान एकशे चाळीस

आमच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका नऊ वर्षं मीच लिहितेय. ती कोणी उघडूनही बघत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून वैतागून पान एकशे चाळीसवर लिहून ठेवलं, 'इथपर्यंत वाचणाऱ्याला माझ्याकडून चहा.' आजवर एक कपसुद्धा पाजावा लागला नाही.

आमचा कोड लिहून देणारा एआय मनाचंच काहीबाही ठोकून द्यायचा. सोमवारी साहेबांनी त्याच्या हाती माझी पुस्तिका दिली आणि यापुढे यातलंच सांगायचं, अशी तंबी दिली. दुपारी सहा प्रोग्रॅमर माझ्या टेबलापाशी हजर.

"ताई, चहा!"

"वाचलंत तुम्ही?"

"छे! एआयनं वाचलं. अधिकृत पुस्तिकेत आहे म्हणजे मिळणारच, म्हणाला."

पाजला सहाही जणांना. नऊ वर्षांनी एक वाचक लाभला, तोही चहा न पिणारा!

संध्याकाळी निघण्याआधी मी पान एकशे चाळीसवरचं ते वाक्य तेवढं बदललं.

मंगळवारी सकाळी सहाही जण पुन्हा हजर, प्रत्येकाच्या हातात वाफाळता कप.

"घ्या ताई. अधिकृत पुस्तिकेत तसंच आहे म्हणे."