सतरा नंबर पेटीचा नववा पाना

दोस्ताच्या घरी सिंकखाली आडवं होण्याआधी मोजमास्तरांनी तिथल्याच पेटीतली हत्यारं फडक्यावर मांडली आणि मोजली. चौदा. मग पुन्हा मोजली. गळका नळ दुरुस्त करायला हत्यारं कशाला मोजायची, असं कुणीही विचारलं असतं. पण जित्याची खोड. हवाई दलात अकरा वर्षं विमानाच्या पोटात हात घालून काम केलेला माणूस आधी मोजतो, मग हात लावतो.

न्हाणीघरात दोस्ताची दाढी चालू होती आणि दाढीबरोबर भाषणही. त्याला सगळे रेडिओ म्हणत. एक तर तो विमानांचे रेडिओ दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे स्वतः कधी बंद पडत नसे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या तळाला ठाऊक होतं. आज दुपारी जुन्या सैनिकांचा मेळावा होता, त्याची तालीम दाराआडून ऐकू येत होती.

“चूक माणसाकडूनच होते, मंडळी! आमचा मोजमास्तर एक पाना विमानात विसरला. म्हणून काय आम्ही माणूस टाकला? नाही टाकला!”

दरवर्षी या वाक्याला टाळ्या पडत. दरवर्षी मोजमास्तर मान खाली घालत, आणि मनातल्या मनात दोस्ताचे उपकार मानत.

नळाच्या नटाला लागेल असा पाना त्यांनी रांगेतून उचलला. लहानसा, जुना, तेलाने काळा पडलेला. फडक्याने पुसला तसा दांड्यावर कोरलेला आकडा वर आला. सतरा. त्याखाली नऊ.

सतरा नंबरची पेटी त्यांची होती. नववा पाना त्यांचा होता.

चाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी उड्डाणाआधी वैमानिक साहेबांनी नेहमीसारखी पंखावर थाप मारून विचारलं होतं, “मास्तर, बारा?” आणि त्यांनी सांगितलं होतं, “बारा, साहेब.” आदल्या संध्याकाळीच पेटी मोजून झाली होती. सात मिनिटांनी विमान समुद्रात पडलं. लगेच पेट्यांना सील लागलं, आणि सतरा नंबरच्या पेटीत बारापैकी अकराच पाने निघाले. समुद्राने विमानही परत दिलं नाही आणि साहेबांनाही नाही. मग खापर हरवलेल्या पान्यावर फुटलं, म्हणजे मोजमास्तरांवर. मी बारा मोजले होते, असं ते चौकशीत तीन दिवस सांगत राहिले. चौथ्या दिवशी त्यांचं त्यांनाच खात्रीने सांगता येईना. तेव्हापासून सगळं दोनदा. दाराची कडी, गॅसचं बटण, नातवंडांच्या चपला.

पाना हातात धरून ते बाहेर आले. रेडिओही न्हाणीघरातून बाहेर आला, एका गालावर साबण तसाच. पान्याकडे बघून त्याचं भाषण तुटलं.

“तुला ही पेटी कुणी दिली?”

“मी दिली,” रेडिओच्या बायकोने, वहिनींनी, सांगितलं. “भावोजी म्हणाले, नळ बघतो. का? काय झालं?”

त्याने पान्याबद्दल विचारलं नव्हतं, पेटीबद्दल विचारलं होतं. मोजमास्तरांना तेवढं पुरलं.

“कधी घेतलास?”

“तू संध्याकाळी मोजून गेल्यावर.” रेडिओचा आवाज खोल गेला होता. “स्कूटरचा आरसा सैल झाला होता रे. सकाळी परत ठेवणारच होतो. आलो, तर पेटीला सील.”

“आणि चौकशीत?”

“न विचारता पेटीतून हत्यार काढलं म्हणजे थेट बडतर्फी. माझं लग्न ठरलं होतं.” त्याने बायकोकडे पाहिलं. वहिनींनी नजर वळवली. “पण मी तुझी बाजू कधी सोडली का? सांग ना! दरवर्षी सगळ्यांसमोर...”

“दरवर्षी सगळ्यांसमोर तू मला माफ करतोस,” मोजमास्तर म्हणाले.

म्हणजे साहेबांना त्यांनी मारलं नव्हतं. मोजणी बरोबर होती. चाळीस वर्षं हेच ऐकायला कान आसुसले होते; आता आनंद व्हायला हवा होता. पण आठवली ती साहेबांची आई. चौकशीनंतर तिच्यासमोर उभं राहून ते म्हणाले होते, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. तिने दार लावून घेतलं होतं. तिथवर त्यांना रेडिओनेच नेलं होतं, त्याच स्कूटरवर. जाताना आणि येताना मागे बसून ते आरशात स्वतःचं तोंड बघत होते. आरसा जराही हलत नव्हता.

ते पुन्हा सिंकखाली गेले, कारण अर्धवट काम सोडून उठायची त्यांना सवय नव्हती. नववा पाना नटाला अचूक बसला. नळ थांबला. त्यांनी हत्यारं पुसली आणि पेटीत ठेवताना मोजली. एकदाच.

रेडिओ दारात उभा होता. गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता.

“मेळाव्यात काही बोलणार आहेस का?”

“भाषण तुझं आहे.” मोजमास्तरांनी पाना खिशात टाकला आणि पेटीचं झाकण लावलं. “पेटीत एक कमी आहे. कुणी विचारलं, तर या वेळी सांग.”