सपाट रेघ

स्क्रीनवरची रेघ सपाट झाली आणि रोहिणी मॅडमनी टाळीच वाजवली.

"दोन! शाझिया, आकडा दोनवर आलाय! यांनी तर दहाच्या खाली मागितला होता."

यांनी म्हणजे देवळ्याच्या चिमाजीतात्या आहेरांनी. डोक्यावर टोपी, पायांत धुळकट वहाणा. चुंबकत्व मोजणाऱ्या सेन्सरने जमिनीखालचा दगड हुडकायचा आणि विहीर कुठे खणावी ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. चाळीस सेन्सर हवे होते. तात्या बशीत चहा ओतून शांतपणे फुर्र करत होते.

सगळा खेळ सेन्सरच्या पोटातल्या कोअरचा, म्हणजे धातूच्या गाभ्याचा होता. जुना कोअर सतत आतल्या आत कुरकुरायचा, आणि त्या कुरकुरीत जमिनीखालची बारीक खूण बुडून जायची. आठ महिने शाझियाने नव्या मिश्रधातूच्या पातळ पट्ट्या कड्यासारख्या गुंडाळल्या, भट्टीत भाजल्या, हळूहळू निववल्या. कुरकुरीचा आकडा बावीसचा चौदा झाला, चौदाचा अकरा. आज दहाच्या खाली आला नसता तर सोमवारपासून कोअरचं काम बंद आणि शाझिया पॅकिंगला. मॅडमनी ते आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, अगदी गोड आवाजात.

आणि आता एकदम दोन!

"बाई, कुणीतरी दृष्ट काढा त्या कोअरची," कॉईल गुंडाळणाऱ्या मालनबाई म्हणाल्या.

शाझिया मात्र हसेना. इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये अडीच वर्षांची लेक मासूमा होती. ती किंचाळत, आपटत, भांडी बडवत असली की शाझिया निवांत चपात्या लाटायची. दोन मिनिटं आवाज आला नाही की लाटणं टाकून धावायची. मागच्या आठवड्यातल्या शांततेत दोन किलो तूरडाळ वॉशिंग मशीनमध्ये गेली होती. त्याआधीच्या शांततेत सासऱ्यांची कवळी माशांच्या टाकीत.

काल संध्याकाळी अकरा. आज दोन. एका रात्रीत एवढं शहाणं कोण होतं?

ती उठली. बाहेरचं चुंबकत्व आत शिरू नये म्हणून सेन्सर तीन पदरी धातूच्या डब्यात ठेवला होता.

"शाझिया, आता कशाला हात लावतेस?" मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या.

तिने झाकण काढलं. आता पृथ्वीचं चुंबकत्व थेट आत. रेघ उसळून स्क्रीनबाहेर जायला हवी होती.

रेघ ढिम्म.

झाकण परत लावून गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. मॅडम डोळ्यांनी तेच सांगत होत्या.

"तात्या, हा आकडा धरू नका," ती म्हणाली. "सेन्सर शांत नाही झाला, मेलाय. कुठेतरी वायर सुटलीय."

मालनबाईंनी उगाच पदर सारखा केला. तात्यांनी बशी खाली ठेवली, टेबलामागे जाऊन वाकले आणि लोंबणारी एक वायर खोचली. रेघ ताडकन उसळली. शाझियाने झाकण लावलं. रेघ खाली आली, थरथरली आणि नऊवर चुळबुळत बसली.

"नऊ!" मालनबाई ओरडल्या.

मॅडम तात्यांकडे बघत राहिल्या. "पण वायर नेमकी कुठली सुटलीय ते तुम्हाला कसं कळलं?"

"म्याच उपटली व्हती ना, तुम्ही समद्या चहाच्या ट्रेकडं वळल्या तवा," तात्या म्हणाले. "चाळीसच्या चाळीस लिहून घ्या मॅडम. याआधी तीन कंपन्यांत अशीच वायर उपटली, पन सेन्सर मेलाय असं एकबी म्हनला न्हाई. सेन्सर घ्यायला गेलो व्हतो, तिन्ही ठिकाणाहून शाल-नारळ घेऊन परत आलो."