वरच्या ओळी हलत नाहीत

"आणखी मोठं कर," मालकीणबाई म्हणाल्या.

ऑपरेटर मुलीनं कंट्रोल दाबून माउसचं चाक पुढे ढकललं. भिंतीवरच्या पडद्यावर मुंग्यांएवढी अक्षरं मुंगळ्यांएवढी झाली. फुग्यांच्या कारखान्यातलं प्रत्येक माणूस त्या एका शीटमध्ये होतं. वर मॅनेजर आणि त्याचे साहेब लोक, खाली कामगार, आणि अगदी तळाला ती स्वतः. आज नोकरकपात व्हायची होती, आणि ती खालून व्हायची होती. मॅनेजरनं सकाळी चहा ढवळता ढवळता तिला तसं सांगितलं होतं. शिवाय शीट दाखवायलाही तिलाच बसवलं. निर्लज्जपणाला कुठेतरी हद्द असते. याला नव्हती.

"अजून. माझे डोळे गेले आता."

तिनं चाक ढकललं. कामगार पडद्याखाली बुडाले. उरले नुसते साहेब लोक, एकेक अक्षर ताटाएवढं.

"आता खाली घे," मॅनेजर म्हणाला.

"घेतेय, साहेब. हलत नाहीये."

मॅनेजरनं माउस हिसकावला. चाक गरागरा फिरवलं. बाणांची बटणं बदडली. पडदा ढिम्म. त्याचंच नाव पहिल्या ओळीतून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतं.

मुलीच्या पोटात गुदगुल्या सुरू झाल्या. शीट कितीही खाली नेलं तरी साहेबांची नावं वर दिसलीच पाहिजेत, हा हुकूम याच गृहस्थांचा. म्हणून तिनं त्या सगळ्या ओळी जागच्या जागी गोठवून टाकल्या होत्या. अक्षरं बारीक होती तोवर खाली कामगारांना जागा उरत होती. आता गोठलेल्या साहेबांनीच पडदा भरून टाकला होता. खाली सरकायला बोटभर जागा नव्हती.

"छोटं कर, छोटं कर," मॅनेजर दातांतल्या दातांत पुटपुटला.

"छोटं नको," मालकीणबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे वाचता येतंय. काम: देखरेख. काम: देखरेख. काम: देखरेखीवर देखरेख. हे काय असतं हो?"

भिंतीलगत बसलेले साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. मुलीनं ओठ दाताखाली धरले, तर हसू फुस्सकन नाकातून निसटलं. तिनं घाईघाईनं त्याचा खोकला केला.

"खाली कामगार आहेत, मॅडम. ढीगभर आहेत," मॅनेजर म्हणाला.

"दाखवा मग."

चाक फिरत राहिलं. मॅनेजरच्या कपाळावरून घाम ओघळून थेट कीबोर्डवर पडला.

"नाही ना दिसत? मग जे दिसतायत त्यांच्यातच कपात करू या," मालकीणबाई म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं. "वरून सुरुवात करते. तुमचंच नाव पहिलं आहे, नाही का?"

मॅनेजरनं माउस सोडून दिला.

थोड्या वेळानं साहेब लोक एकेक करून बाहेर पडले, हवा गेलेल्या फुग्यांसारखे. मुलीला आता हसू आवरेना. टेबलावर डोकं टेकून ती खुसखुसत होती, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मालकीणबाईंनी पर्स खांद्याला लावली आणि जाता जाता तिच्या खुर्चीशी थांबल्या.

"मुली, आता कर छोटं. मघाशी होतं तेवढंच. तळाला तुझ्या नावापुढे 'आजच काढणे' असं लिहिलंय, तेवढं पुसून टाक."