तांब्याची सरी

“वरती एक डिश बी बसव. म्हंजे झाडांस्नी बातम्या तरी दिसतील,” बांधावरनं जोतीराम म्हणाला.

वीरधवलनं मान वर केली नाही. तांब्याची तार काठीला गुंडाळली, काठी वांग्याच्या रोपाशेजारी रोवली आणि तो पुढच्या रोपाकडं सरकला. हवेतली वीज तारेतनं मुळाला मिळते, मग खताचं कामच नाही, असं त्यानं मोबाईलवर बघितलं होतं. एकदा नाही, महिनाभर.

बनुबाई गवताचा भारा बांधता बांधता दोघांचं ऐकत होती. तिला दोघांचाही वीट आला होता. पोरगा तारेचं बोलायचा थांबत नव्हता आणि बाप टोमणे मारायचा.

“चोवीस वर्सं फौजेत तारा वडल्या मी,” जोतीरामचं सुरूच होतं. “सिग्नलमदी. हवेतनं वीज मिळत असती तर आमी लडाखात जनरेटर कशाला वागवलं असतं?”

“आबा, करून बघू,” वीरधवल म्हणाला. “एक सरी तारंची, एक बिनतारंची. वीस-वीस झाडं. खत कुणालाच न्हाई. तार जिंकली तर हितंच राहून समदं रान आसंच करतो. हरली तर दसऱ्याला मामासंगं सेलमला जातो, गलाईला.”

“जा की. तिथं निदान सोनं तरी खरं आसतंय.”

बनुबाईला वाटलं, हातातला विळा ह्या माणसाच्या जिभेवर चालवावा. विट्याच्या आसपास जन्मलेल्या बाईला गलाई म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिचा भाऊ धनाजी सोळाव्या वर्षी सेलमला सोनं गाळायच्या भट्टीवर गेला, तो आता जत्रेला पाहुण्यासारखा येतो आणि चौथ्या दिवशी परतीचं तिकीट बघतो. तिला एकच पोरगा. तो तिला घरात हवा होता, बस्स.

तारेवर तिचाही विश्वास नव्हता. पण पोरगं तारेपायी राहत असेल, तर तार जिंकायला हवी होती.

सोमवारी वीरधवल विट्याच्या बाजाराला जायचा. त्या दिवशी ती वैरणीच्या निमित्तानं रानात गेली. पदरात मूठभर युरिया होता. तारेच्या सरीत प्रत्येक बुडाला चिमूट चिमूट टाकून तिनं वर माती ओढली. मग दर सोमवारी तेच केलं. उद्या तार जिंकली तर सगळ्या रानाला लपून खत कसं घालायचं, हा विचार तिनं दसऱ्याच्या पलीकडं ढकलला.

मोजमापाचा वार शुक्रवार. त्याचं काम जोतीरामनं आपल्याकडं घेतलं होतं. “तुमी दोघं डोळं झाकून मोजणार,” असं म्हणून तो जुना खाकी शर्ट चढवायचा, खिशात टेप टाकायचा आणि एकटाच जायचा. तासाभरानं येऊन वहीत आकडे लिहायचा आणि शर्ट आपल्या हातानं धुवायचा. फौजेतली सवय. त्या शर्टाला लग्नापासनं बनुबाईचा हात लागला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तारेची सरी हिरवीगार झाली. शेजारची सरी तिच्यापुढं आजारी दिसायला लागली.

“किती, आबा?”

“चार इंच जादा.” जोतीरामनं वही मिटली. “तिथली माती भारी आसंल. लय उड्या मारू नगं.”

वीरधवल हसला. त्यानं धनाजीमामाला फोन करून सांगितलं की बहुतेक येत नाही. त्या दिवशी बनुबाईनं न सांगता पुरणपोळी केली. जोतीराम चार पोळ्या खाऊन म्हणाला, “कशाचा सण हाय?”

सहाव्या आठवड्यात तारेच्या सरीची पानं कडेनं करपली. आठ दिवसांत विसातली चौदा झाडं माना टाकून बसली. बिनतारेची सरी मात्र जशीच्या तशी उभी होती.

शेजारच्या रानातली सुलाबाई वीरधवल नसताना बांधावर आली. एक पान हातात चोळून बघितलं. “बने, युरिया दणकून झालाय ह्येला.”

“युरिया कुटला?” बनुबाई म्हणाली. आठवड्याला एक मूठ, वीस झाडांत. तेवढ्यानं वांगं जळत नाही, हे तिला तीस वर्षांच्या शेतीनं शिकवलं होतं. तरीही जळलं होतं. आपल्याच हाताचा अंदाज चुकला असणार. ती चार दिवस स्वतःला शिव्या देत राहिली.

दसऱ्याला धनाजी आला. वीरधवलनं काठ्या उपटल्या, तार गुंडाळून ठेवली. “आबा, तुमी जिंकला.”

“पंधरा दिस थांब,” जोतीराम म्हणाला. “पाऊस जादा झालाय औंदा. एवढ्यावरनं कळत न्हाई.”

“तुमीच म्हनत हुता...”

“म्हनत हुतो. पर थांब की पंधरा दिस.”

बनुबाईला संताप आवरेना. पोरगं तार म्हणतं तेव्हा हा नाही म्हणणार, आणि पोरगं हरलो म्हणतं तेव्हाही हा नाहीच म्हणणार. आयुष्यभर ह्या माणसानं उलटंच बोलायचं. ती दशम्यांची पुरचुंडी बांधत राहिली.

वीरधवल थांबला नाही. शब्द म्हणजे शब्द, हे त्यानं बापाकडनंच घेतलं होतं. जोतीराम धुतलेला पांढरा शर्ट घालून त्याला विट्याच्या स्टँडवर सोडायला गेला.

घर रिकामं झालं. रिकाम्या घरात बसवेना म्हणून बनुबाईनं धुणं काढलं. खुंटीवर जोतीरामचा खाकी शर्ट होता. गेल्या शुक्रवारपासनं तसाच, न धुतलेला. असं कधी झालं नव्हतं. तिनं तो दगडावर घेतला आणि भिजवायच्या आधी खिसा उलटा केला.

टेप खाली पडला. त्याच्यामागोमाग युरियाचे ओले, चिकटलेले दाणे पडले, चांगले मूठभर.