यंत्रातली दिवसपाळी

अकरा वाजत आले होते आणि कॅसिनोत कामाला असलेल्या व्हेल्माला एकही रिकामं यंत्र सापडत नव्हतं.

अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या त्या कॅसिनोत मंगळवारी म्हाताऱ्यांना जेवण फुकट असतं. मंडळी सकाळीच येतात, जेवणाच्या कितीतरी पट पैसे यंत्रांत घालतात आणि फुकट जेवल्याच्या आनंदात घरी जातात. आजही झाडून सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. एरवी व्हेल्माला त्याचं काही वाटलं नसतं. पण गेल्या महिन्यापासून कर्मचाऱ्यांचं सगळं कामकाज जुगाराच्या यंत्रांतच नेऊन ठेवलं होतं. आपलं कार्ड कुठल्याही यंत्रात सारायचं, की पडद्यावरच्या चेऱ्या आणि घंटा जातात आणि कचेरी उघडते. बिघाड कळवा, रजा मागा, पाळी निवडा. ‘आता ऑफिसच तुमच्याकडे येईल,’ असं साहेबांनी सांगितलं होतं. आणि ऑफिसची खोली पाडून तिथे आणखी यंत्रं बसवली होती.

अकराला पुढच्या सहा महिन्यांची दिवसपाळी उघडणार होती. जागा एकच. जो आधी बटण दाबेल, त्याची. उरलेल्यांना रात्रपाळी. व्हेल्माचा नवरा, रस नाव त्याचं, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला होता. दिवसा शेजारीण येऊन बसायची. रात्री बसणारं कोणी नव्हतं.

वळणावर लाइल समोरून आला. तिच्याच हाताखाली काम शिकलेला. त्याचंही कार्ड हातात होतं.

“काय व्हेल्मा, फेरफटका?”

“गुडघ्यांना बरं असतं.”

“माझ्या डॉक्टरचंही तेच म्हणणं आहे,” तो म्हणाला, आणि दोघं दोन गल्ल्यांत शिरले.

कोपऱ्यात एक यंत्र मोकळं दिसलं. व्हेल्मा जवळजवळ धावलीच. पण खुर्ची पुढे कलंडवून यंत्राला टेकवलेली होती आणि पाठीवर निळा स्वेटर होता. म्हणजे मालकीण बाथरूमला गेलेली. अशा खुर्चीला हात लावणं म्हणजे कुणाच्या ताटातला घास उचलणं. शिवाय मध्येच दुसऱ्याचं कार्ड आत गेलं की नशीब बाहेर पडतं, हे तिथल्या लहानथोरांना ठाऊक आहे. अशा खुर्च्यांची राखण करण्यात व्हेल्माची उभी नोकरी गेली होती. एकदा तर तिने बंदूक लटकवलेल्या शेरीफलाही उठवलं होतं. तिचा कार्डाचा हात पुढे झाला. थांबला. ती मागे फिरली.

पुढच्याच रांगेत ओपल किट्रिज बसली होती. रोजची खेळणारी. तिचं गिऱ्हाइकाचं कार्ड यंत्रात होतं आणि त्याची गुंडाळीदार दोरी तिच्या ब्लाउजच्या काजात अडकवलेली. नाळेने कोण कुणाला पोसतंय, ते सांगणं कठीण.

“ओपलबाई, जरा तुमचं कार्ड काढता? मला माझं घालायचंय.”

“आत्ता?” ओपलने पडद्यावरची नजर हलवली नाही. “पोरी, आत्ता कुठे तापलंय हे. कार्ड काढलं की गार पडतं. तुला काय सांगायचं?”

“माझ्या पाळीचं आहे हो. रससाठी.”

ओपलचा हात बटणावर थबकला. “कसा आहे तो?”

“आहे.”

“बरं. हा एवढा डाव. मग काढते.”

चाकं फिरली. लिंबू, लिंबू, घंटा.

“बघितलंस? अगदी जवळ आलंय,” ओपल म्हणाली, आणि टोचून घ्यायला लेकरू नर्सच्या हाती द्यावं तसं तिने कार्ड ओढून काढलं.

व्हेल्माने आपलं सारलं. पडदा काळा झाला. मग कॅसिनोचं चिन्ह, मग ‘सुस्वागतम व्हेल्मा’, मग गुप्त आकडा. तिचं बोट चुकलं. पुन्हा आकडा. तेवढ्यात यंत्रांच्या डोक्यावरून तिला लाइल दिसला. निळा स्वेटर त्याच्या हातावर होता आणि तो कोपऱ्यातल्या यंत्रापुढे वाकला होता.

तिने ‘दिवसपाळी’ दाबलं.

उत्तर येईपर्यंत कर्मचाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून कंपनीने पडद्यावर एक रंगीत चाक ठेवलं होतं. ते फिरू लागलं. ओपल पुढे सरकली. चाक मंदावलं, एका रंगावर रेंगाळलं आणि पलीकडे गेलं.

‘ही पाळी आत्ताच गेली. पुन्हा नशीब आजमावा!’ हरणाऱ्यांसाठी दिवसभर वाजते तीच सूर उतरत जाणारी धून वाजली. खाली ‘रात्रपाळी स्वीकारा’ हे हिरवं बटण उघडझाप करू लागलं.

तिकडे लाइलने स्वेटर पुन्हा खुर्चीवर घातला, खुर्ची होती तशी जपून कलंडवली आणि इकडे न बघता निघून गेला.

व्हेल्मा कार्ड काढायला गेली. ओपलने तिचं मनगट घट्ट धरलं आणि खुर्चीत अंग चोरून तिच्यापुरती अर्धी जागा केली.

“काढू नकोस,” ती हळूच म्हणाली. “एवढं खाल्लंय ना तुझं? मग आता देणारच ते. बस. दाब पुन्हा.”