लहान्याची जन्मनोंद

"ही आमची नाय," लहान्या म्हणाला आणि त्याने नोंदवही मॅडमकडे सरकवली.

योगिताचा चेहरा पडला. डहाणूच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये तिघं सकाळपासून बसली होती. योगिता, तिचा आजा लहान्या आणि आजाची थोरली बहीण शुक्री. २०१७चा जुलै होता. योगिताचा नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीच्या अर्जाला वडिलांच्या घराण्यातली १९५०च्या आधीची एक तरी नोंद जोडायची होती, आणि अर्ज सोमवारच्या आत द्यायचा होता. आजाने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. राहता राहिली कैनाड गावची जन्माची जुनी वही.

वहीच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या शितल मॅडम तव्यावरची भाकरी उलटावी तशी दोन्ही हातांनी एकेक पान उलटत होत्या. त्या काळी मुलाचं नाव कोणी लिहीत नसे. बापाचं नाव, जात, तारीख, मुलगा की मुलगी, एवढंच. दहा वर्षांची पानं पाहून झाल्यावर जुळेल अशी एकच जागा सापडली. १० जानेवारी १९४७. बाप चैत्या. जात वारली. पण त्या तारखेला एकाखाली एक दोन ओळी होत्या. वर मुलगा, खाली मुलगी.

"जुळी दिसतात," शितल मॅडम म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतो. माझ्यासोबत कोण जन्मलं नाय. ही शुक्रीबाय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. गावात तेव्हा दोन चैत्या होते. दुसऱ्याची असेल ही नोंद."

मॅडमनी चष्मा काढला. "आजोबा, तुम्हीच आमची नाही म्हणालात, तर मी नक्कल कशी देऊ?"

शुक्री गप्प होती. तिला गप्प बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन ती तलासरीला गेली, तरी लहान्याच्या घरातलं काहीही तिला विचारल्याशिवाय होत नसे. त्याच्यासाठी बायको तिने पाहिली. कुठल्या वावरात कुठलं भात पेरायचं, हे ती तलासरीहून येऊन सांगे. दोन वर्षांपूर्वी तिने त्याची विडी बंद केली. तेव्हापासून पाच नातवंडांचा हा आजा गोठ्यामागे लपून विडी ओढायचा. आज सकाळीसुद्धा एसटीत तिने त्याला खिडकीजवळच्या जागेवरून उठवलं होतं. "मोठी आहे मी," एवढंच ती म्हणाली, आणि तो सरकला. "बाय सांगते ते आपल्या भल्याचंच असतं," असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

मॅडमनी वही मिटायला घेतली. योगिताने दहावी-बारावीच्या मार्कशीट एकावर एक ठेवल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. शुक्री तिच्या हातांकडे बघत होती.

"मॅडम," शुक्री म्हणाली, "त्या दिवशी वार कुठला होता, ते समजतं का?"

मॅडमनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं आणि बोटाने वर्षं मागे सारत नेली. "शुक्रवार."

योगिता थबकली. त्यांच्या पाड्यावर पोरांची नावं वारावरून पडत. सोमवारचा सोमा, बुधवारची बुधी.

"आमचीच आहे ती नोंद," शुक्री म्हणाली. "हा अंगाने एवढासा होता, म्हणून लहान्या. माझं नाव वारावरून पडलं. आधी हा आला, मागून मी. आईनेच सांगितलेलं."

लहान्याने तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे मोठा मी?"

"घटकाभराने."

शितल मॅडमनी हसू दाबत वही पुन्हा उघडली. दोघांचा जबाब लिहून घेते, म्हणाल्या, आणि चार वाजेपर्यंत नक्कल हातात देते. योगिताने पिशवीची गाठ सोडायला घेतली. घट्ट बांधलेली ती गाठ आता काही केल्या सुटेना. शेवटी तिने ती दाताने सोडली.

लहान्या खुर्चीत ताठ झाला. "मग आजपासून माझं ऐकायचं. जाताना खिडकी माझी. पुढच्या साली पेरणी माझ्या मनाने. आणि विडी..."

"विडी नाय," शुक्री म्हणाली.

"बरं, नाय," तो लगेच म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन स्वतःच हसत सुटला. शुक्रीही हसली. पलीकडच्या टेबलावरचा शिपाई मान वर करून बघायला लागला.

हसता हसता लहान्या थांबला. त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"इतकी वर्षं खोटं का बोललीस, बाय?"

शुक्रीने ओच्यात पडलेला वहीचा भुगा झटकला.

"आई गेली तेव्हा आपण पाच वर्षांची होतो. बाप आपल्याला घेऊन जंगलात लाकूडतोडीवर गेला. तिथं ओळखीचं कोण नाय. तू दिवसभर आईला शोधत रडायचास, आणि मलाही रडू यायचं. मी मोठी म्हणाले, बापानेही ते खोडलं नाय." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोघांतलं एक तरी मोठं व्हायला पाहिजे होतं."