वरच्या दोन चकत्या

कस्तुराबाईनं तंबाखूची वडी पाटावर ठेवली आणि अडकित्त्यानं कातरायला घेतली. वडी साबणाएवढी, काळपट, दाबून दाबून दगडासारखी झालेली. आधी तिनं पातळ चकत्या पाडल्या. दोन बाजूला ठेवल्या. बाकीच्या पुन्हा कातरल्या, मग आणखी एकदा, पार चहाच्या भुकटीसारख्या बारीक होईपर्यंत. तो भुसा पाइपात भरून अंगठ्यानं दाबला आणि त्यावर त्या दोन चकत्या अलगद दुमडून बसवल्या. वरून बघणाऱ्याला चकत्याच दिसत होत्या.

मालक अतुलरावांचे हात थरथरायचे, म्हणून पाइप तीच भरायची. गेला दीड महिना ती तो असा भरत होती.

बाहेर तुंगार्लीचं दुपारचं ऊन बंगल्याच्या व्हरांड्यात आलं होतं. अतुलराव आणि पुण्याहून आलेले त्यांचे मित्र प्रदीप, दोघं नेहमीसारखे वाद घालत बसले होते.

"तू तयार कातरलेली ओढतोस. ती तंबाखू नाही, शेवया आहेत," अतुलराव म्हणाले.

"शेवया एका काडीत पेटतात. तुझ्या चकत्यांना अख्खी काडेपेटी लागते."

"पटकन पेटतं ते भडकतं, प्रदीप. जितकं बारीक, तितकी हवा जास्त लागते. जाळ गरम होतो, जीभ भाजते. चकती सावकाश जळते, म्हणून थंड लागते. आमच्या कस्तुराबाईलासुद्धा कळतं हे. काय गं?"

"तुमीच शिकवलंय, सायेब," पाइप पुढं करत ती म्हणाली.

अतुलरावांनी पाइपात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि खिशातून चांदीचा लायटर काढला.

"अरे, हा चोरीला गेला होता ना?" प्रदीपनी विचारलं.

"छे! गाडीच्या सीटखाली होता. दिवाळीत सापडला."

"आणि ती पोरगी? कुसगावच्या हॉटेलात लागली होती ती?"

"असेल की कुठंतरी."

त्यांनी पाइप पेटवला. दोन झुरके घेतले. तिसऱ्याला त्यांचा चेहरा आक्रसला. पाइप काढून त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"काय झालं रे?"

"जीभ. दीड महिना झाला. पाइप बदलला, दात दाखवून झाले. आता कडेला पांढरा डाग आलाय." ते खाली बघत बोलत होते. "मंगळवारी तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत."

कस्तुराबाई रिकामे कप उचलत होती. त्यातला एक तिच्या हातून बशीत कलंडला.

"सायेब," ती म्हणाली, "एक इचारू?"

"विचार."

"लायटर घावला त्ये त्या हाटेलवाल्याला कळवलं का? तुमीच फोन केलता त्याला, बबितानं चोरला म्हनून. त्यानं कामावरनं काढली तिला."

"कोण बबिता?"

"माझी लेक."

"हां, ती." अतुलरावांनी हात झटकला. "मिळालं असेल की तिला दुसरं काम."

"वाळूची घमेली वाहती बांधकामावर. बारावी झालीया. कुनी आत घ्याना झालंय तिला. एक फोन केला तर—"

"हे बघ, आता माझ्या डोक्याला काय कमी ताप आहे का? जुनं कशाला उकरून काढायचं? आणि मी काय मुद्दाम केलं होतं का?"

"न्हाई, सायेब."

"मग झालं तर. जा, हा रिकामा कर आणि दुसरा भरून आण. मंगळवारनंतर बंदच करायला लावतील. आणि चकत्याच टाक हं, थंड जळायला पाहिजे."

ती आत गेली. पाटावर संध्याकाळसाठी पाडून ठेवलेल्या चकत्या होत्या. पाइप झटकून पुसून तिनं त्यात पहिली चकती घातली. दुसरी घातली. तिसरीही घातली. पाइप अर्धा भरला. ती खिडकीतून बाहेर बघत थोडा वेळ उभी राहिली. व्हरांड्यातून आवाज आला, "आणि प्रदीप, तुझ्या त्या शेवयांचं कौतुक माझ्यापुढं नको!" मग दोघांचं हसणं.

तिनं पाइप उपडा केला. तिन्ही चकत्या पाटावर पडल्या. अडकित्ता उचलून ती कातरायला बसली. आज तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

अतुलरावांनी पाइपात डोकावून पाहिलं. वर दोन चकत्या होत्या. त्यांनी पेटवला, ओढला आणि डोळे गच्च मिटले.

"तंबाखू तीच आहे ना?"

"तीच हाय, सायेब. त्याच वडीतली."

"बघ ना जरा," अतुलराव प्रदीपकडं वळले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "डाग वाढलाय का? मला आरशात नीट दिसत नाही."

त्यांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढली. प्रदीपनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि पुढं वाकले.

कस्तुराबाईला आत जायचं होतं, ओट्यावर कप पडले होते. पण ती ट्रे घेऊन तिथंच उभी राहिली. मग एक पाऊल पुढं आली आणि प्रदीपच्या खांद्यावरून तीही बघू लागली.